दुभंगलेली रेषा

गॅसच्या शेगडीवर मिठाचे पाणी उतू गेले की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. ती पिवळाई मिठातील सोडियमची. हाच प्रकाश लोलकातून अथवा अतिशय बारीक रेघा आखलेल्या जाळीतून पाहिला, तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. एकमेकींना खेटून असलेल्या दोन पिवळ्या रेषा तेवढ्या दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बुन्सेन आणि किरखोफ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आणि थोड्याच वर्षांत रोम येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर आंजेलो सेक्की यांनी अशाच रेषांवरून आकाशातील ताऱ्यांचे वर्ग पाडले. परंतु ह्या रेषा पदार्थाच्या पोटात कोण निर्माण करतो आणि बाहेरून चुंबक वा वीज लावून त्या हलविता येतील काय, ह्या प्रश्नांचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते.

हा प्रश्न प्रथम चिकाटीने हाती घेणारा माणूस म्हणजे मायकल फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार आणि सँडेमेनियन नावाच्या एका छोट्याशा ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत सभासद. चुंबकाच्या प्रभावाने काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते, हे त्याने १८४५ मध्येच दाखविले होते. मग प्रकाश जिथे जन्मतो तिथेच चुंबक लावला तर? १२ मार्च १८६२ रोजी त्याने प्रबळ विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली, तिच्यात सोडियमचा क्षार घातला आणि वर्णपटदर्शकातून पाहिले. रेषांमध्ये काहीही फरक पडला नाही. तशी सरळ नोंद त्याने वहीत केली. तो त्याच्या अखेरच्या प्रयोगांपैकी एक ठरला. १८६७ मध्ये त्याचे निधन झाले.

ही निष्फळ नोंद वाया गेली नाही. हॉलंडमधील झोनेमेर ह्या खेड्यात एका प्रोटेस्टंट पाळकाच्या घरी १८६५ मध्ये जन्मलेल्या पीटर झेमानच्या वाचनात फॅरडेच्या ह्या प्रयोगाची हकिकत आली. फॅरडेसारख्या माणसाला जे करून पाहावेसे वाटले ते अधिक चांगल्या साधनांनी पुन्हा करून पाहणे योग्यच, असा विचार त्याने केला. १८९६ मध्ये लायडन विद्यापीठात त्याच्यापाशी अमेरिकन शास्त्रज्ञ रोलंड याने तयार केलेली उत्कृष्ट जाळी होती. त्याने सोडियमची ज्योत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली. प्रवाह सुरू केला की दोन्ही पिवळ्या रेषा रुंदावत. बंद केला की पूर्ववत होत. फॅरडेच्या साधनाला न दिसलेली गोष्ट ती हीच.

त्याच विद्यापीठात हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ हा थोर गणिती-शास्त्रज्ञ होता. झेमानचे निरीक्षण ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी ॲमस्टरडॅमच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले आणि लॉरेन्ट्झने त्याचे स्पष्टीकरण अवघ्या दोन-तीन दिवसांत दिले. पदार्थात विद्युतभारित असे सूक्ष्म कण कंप पावतात व त्यांतून प्रकाश निघतो, असे तो मानीत असे. चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने फिरणाऱ्या कणाची गती किंचित वाढेल, उलट दिशेने फिरणाऱ्याची किंचित कमी होईल आणि क्षेत्राच्या रोखाने मागे-पुढे होणाऱ्यावर परिणामच होणार नाही. म्हणजे एका रेषेच्या तीन झाल्या पाहिजेत आणि कडेच्या प्रकाशाची कंपने विशिष्ट वळणाची असली पाहिजेत. झेमानने ताडून पाहिले. कडा तशाच होत्या. पुढच्या वर्षी कॅडमियमच्या प्रकाशात त्याने रेषा खरोखर दुभंगलेल्या व तिभंगलेल्या पाहिल्या. रेषेच्या रुंदीवरून त्या कणाचा विद्युतभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर काढता आले, आणि ते हायड्रोजनच्या विद्युतभारित अणूच्या मानाने हजारपटींहून अधिक निघाले. हा कण म्हणजे इलेक्ट्रॉन. केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने त्याची घोषणा १८९७ च्या एप्रिलमध्ये केली. झेमानच्या ज्योतीने त्याची चाहूल काही महिने आधीच दिली होती. १९०२ चे नोबेल पारितोषिक झेमान व लॉरेन्ट्झ यांना विभागून मिळाले. सौर डागांच्या वर्णपटातील काही रेषा दुहेरी का दिसतात, ह्याचा उलगडा ह्याच आधारावर १९०८ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज एलरी हेल याने केला: सौर डाग हे प्रचंड चुंबक आहेत. पृथ्वीबाहेर चुंबकत्व आढळल्याची ही पहिलीच वेळ.

चुंबकाने रेषा दुभंगते, तर विजेने का नाही? हे काम अधिक अवघड होते. वायू उजळला की त्यातून वीज वाहू लागते आणि वाहू लागली की विद्युतदाब टिकत नाही. गळक्या घागरीत पाणी साठविण्यातला प्रकार. ही अडचण बव्हेरियात १८७४ मध्ये जन्मलेल्या योहानेस स्टार्कने सोडविली. त्याने वायूच्या नळीतील ऋण पट्टीला भोके पाडली. त्या भोकांतून मागे निसटणारे तेजस्वी कण त्याने काही मिलिमीटरच्या अरुंद फटीत घेतले आणि त्या फटीवर हजारो व्होल्टचा दाब दिला. १९१३ च्या शरदात, आखेन येथे, हायड्रोजनच्या रेषा त्याच्यासमोर अनेक तुकड्यांत विभागल्या. त्याच सुमारास इटलीत फ्लॉरेन्सजवळ अंतोनिओ लो सुर्दो यानेही स्वतंत्रपणे हेच पाहिले. म्हणून इटालियन लोक ह्या परिणामाला आजही दोघांची नावे देतात. हा न्याय मला योग्य वाटतो. अणूंप्रमाणे रेणूंचाही प्रकाश अशा क्षेत्रांना दाद देतो. त्याच वर्षी स्टार्कचा पूर्वीचा सहकारी स्टॉयबिंग याला आढळले की, उजेडात चमकणारी आयोडीनची वाफ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरली की मंदावते. तेथे रेषा नुसती सरकत नाही. उजळलेले रेणू प्रकाश देण्याऐवजी चुंबकाच्या प्रभावाने फुटून जातात.

स्टार्कच्या रेषांचा अर्थ मात्र लॉरेन्ट्झच्या जुन्या सिद्धांताने लागेना. तो १९१६ मध्ये दोन माणसांनी लावला, तोही नील्स बोरच्या नव्या अणुसिद्धांताच्या आधारे. एक कार्ल श्वार्झशिल्ड. पोट्सडॅम वेधशाळेचा हा संचालक महायुद्धात स्वेच्छेने सैन्यात दाखल झाला होता. रशियन आघाडीवर त्वचेच्या असाध्य रोगाने त्याला गाठले आणि ११ मे १९१६ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. स्टार्कच्या रेषांचे गणित त्याच्या अखेरच्या लेखनातले. दुसरा वॉर्साचा पॉल एपस्टाइन, रशियन प्रजाजन असल्याने म्युनिकमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेला. दोघांचे उत्तर एकच आले आणि ते स्टार्कच्या मोजमापांशी तंतोतंत जुळले. दोघेही ज्यू वंशाचे होते.

आता पुढचा भाग. आपल्या प्रयोगाचा असा उलगडा झालेला पाहून कोणाही संशोधकाला धन्यता वाटली असती. १९१९ च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या स्टार्कने मात्र बोरचा सिद्धांत कधी स्वीकारला नाही. ज्या गणिताने त्याच्या रेषांना अर्थ दिला, त्यालाच तो पुढे ‘ज्यू पदार्थविज्ञान’ म्हणून हिणवू लागला. १९२४ मध्ये त्याने फिलिप लेनार्डसह वर्तमानपत्रातून हिटलरची स्तुती केली. १९३१ मध्ये, जर्मन बिशप नाझी पक्षाच्या शिकवणुकीविरुद्ध इशारे देत असताना, ह्या शास्त्रज्ञाने राष्ट्रीय समाजवाद आणि कॅथलिक चर्च ह्या विषयावर पुस्तिका लिहिली आणि दुसऱ्या भागात बिशपांच्या पत्रकांना उत्तर दिले. कॅथलिक मतदारांच्या मनातील शंका फेडणे हा त्या लेखनाचा हेतू. बिशपांनीही मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, आपली मनाई शिथिल केली, हे येथे नमूद केलेच पाहिजे. ते वाचताना माझ्यासारख्या धर्मगुरूची मान खाली जाते. स्टार्क त्याच वर्षी बर्लिनच्या राष्ट्रीय मोजमाप संस्थेचा अध्यक्ष झाला. १९३७ मध्ये एसएस संघटनेच्या साप्ताहिकात त्याच्या पाठिंब्याने वर्नर हायझेनबर्गवर ‘श्वेत ज्यू’ म्हणून हल्ला चढविण्यात आला. हायझेनबर्ग वंशाने ज्यू नव्हता. आइनस्टाइनचे विज्ञान शिकवीत होता, एवढाच त्याचा अपराध. त्याच्यामागे एसएसची चौकशी वर्षभर लागली.

इकडे हॉलंडमध्ये झेमानच्या रेषांनीही एक कोडे घातले होते. कित्येक रेषा तिभंगण्याऐवजी चार-सहा तुकडे होत. ते कोडे सुटण्याची वाट १९२५ मध्ये जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल गौडस्मिट ह्या दोन तरुणांनी दाखविली: इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवतीही फिरल्यागत वागतो व स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. गौडस्मिट काही काळ ॲमस्टरडॅमला झेमानच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक होता. तो हेग शहरातल्या ज्यू कुटुंबातला. पुढे तो अमेरिकेत गेला. आईवडील मागे राहिले. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना आउशवित्झ येथे ठार केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सैन्याच्या अमलाखालील ॲमस्टरडॅममध्ये वृद्ध झेमानने देह ठेवला. महायुद्धाच्या अखेरीस गौडस्मिट दोस्तांच्या पथकाचा शास्त्रीय प्रमुख म्हणून, जर्मनांच्या अणुसंशोधनाचा माग काढीत युरोपात परतला, तेव्हा तो आपले जुने घर पाहायला गेला. घर उभे होते. आतले सारे लुटले गेले होते.

स्टार्कला १९४७ मध्ये नाझीमुक्ती न्यायालयाने चार वर्षांच्या श्रमशिबिराची शिक्षा दिली. अपिलात ती टळली. उरलेली वर्षे त्याने बव्हेरियातील ट्राउनश्टाइनजवळच्या आपल्या मळ्यावर काढली. तेथे खासगी प्रयोगशाळा थाटून, विद्युतक्षेत्रात प्रकाशाची वाट कशी वळते, हे तो तपासीत बसे. १९५७ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. हायड्रोजनच्या त्या तुकड्यांना आजही त्याचेच नाव आहे, आणि ते मोजण्याचे गणित विद्यार्थी श्वार्झशिल्ड व एपस्टाइन यांच्यापासून सुरू झालेल्या वाटेनेच शिकतात.