मिनिटाला बाराशे खिळे

दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. तिथल्या 'इंडिया कोर्ट'मध्ये एक भलामोठा हत्ती उभा आहे. पाठीवर अंबारी, अंबारीवर पक्षी, मध्ये दोन सर्प आणि पुढे माहूत. मुले त्याच्यासमोर फोटो काढतात आणि आपण पिशव्या सांभाळत पुढे सरकतो. मीही अनेक वर्षे तेच केले. हे एका जुन्या घड्याळाचे प्रतिरूप आहे, हे मला मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे कळले.

हे घड्याळ अल-जझारी नावाच्या यंत्रकाराचे. त्याने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात ते सविस्तर दिले आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी असते आणि तिच्यात तळाला बारीक भोक असलेले एक भांडे तरंगत असते. अर्ध्या तासात ते भरून बुडते, बुडताना दोरी ओढते, वरून गोळी सुटून सर्पाच्या तोंडात पडते आणि माहूत ठोका देतो. हे वाचताना मला थेट आमच्या गावाकडची लग्ने आठवली. मंगलाष्टकांआधी भटजी घंगाळात घटिकापात्र सोडून बसायचे, तेच हे! भोक पाडलेली वाटी बुडाली की घटका भरली. हत्ती का, तर ही युक्ती हिंदुस्थानची म्हणून, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

तर प्रोजेक्ट. विषय 'इन्व्हेंटर्स', माणसे पाच. एडिसन, बेल, राइट बंधू आणि अल-जझारी ही नावे आधीच ठरली होती. (राइट बंधू दोन असले तरी पोस्टरवर एकच धरतात म्हणे.) "पाचवा इंडियन हवा. पण बाबा, शून्य नको. ते सगळेच घेतात," चिरंजीवांनी बजावले. शिवाय बाईंची अट होती की शोध कामाच्या उपयोगाचा असावा आणि त्याचे पेटंट झालेले असावे. अल-जझारी या अटीत बसत नव्हता, त्याच्या काळी पेटंट कुठले! त्याला राजाश्रय होता. पण बाईंनी त्याला सूट दिली होती.

आपल्याकडचे पहिले पेटंट शोधायला गेलो, तर मजाच निघाली. हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली झाला. शोध लावणाऱ्याला चौदा वर्षांचा मक्ता देणारा हा कायदा. त्याखाली पहिला अर्ज आला ३ मार्च १८५६ रोजी, कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरचा, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढत दिवसभर बसणारा माणूस जुन्या चित्रांत आपण पाहतो. त्याच्या जागी यंत्र. इथे ऑगस्टमध्ये एसी बंद पडल्यावर इमारतीच्या वॉचमनला आपण जे फोन करतो, ते आठवले की पहिला अर्ज पंख्याचाच का आला, हे वेगळे सांगायला नको.

पण डीपेनिंग पोस्टरवर चालणारे नव्हते. मग मला शंकर आबाजी भिसे आठवले. आठवले म्हणजे काय, माझे आजोबा हे नाव घ्यायचे. आजोबा सांगलीला एका छापखान्यात जुळारी होते. समोर लाकडी केस, तिच्यात घरे आणि घराघरांत शिशाचे खिळे. डाव्या हातात स्टिक धरून ते उलटी अक्षरे सुलट्या वेगाने जुळवत. इंग्रजीला शंभर-दीडशे घरांत भागते. आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून कितीतरी जास्त घरे लागतात. छापून झाले की सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. झिजलेला खिळा फिका उमटतो, म्हणून तो वितळवायला जायचा आणि नवे खिळे फाउंड्रीतून यायचे. "हे खिळे झपाझप पाडायचं मशिन आपल्या भिशांनी काढलं, लंडनात," असे ते अभिमानाने सांगत. पुढे काय झाले असे विचारले, की "पुढं काय व्हायचं?" म्हणून तंबाखूची डबी उघडत.

भिसे यांचा जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. लहानपण खानदेशात आणि पुण्यात गेले. पुढे मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी. म्हणजे दिवसा सरकारी आकडेमोड आणि उरलेल्या वेळात यंत्रे. विशीतच त्यांनी मुंबईत विज्ञानाचा क्लब काढला, 'विविध कला प्रकाश' नावाचे मराठी मासिक चालवले. त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी पाहा: उघडल्याचा पत्ता लागेल अशी बाटली, लोकल गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारा फलक. दादरला उतरायचे असताना दार कुठल्या बाजूला येणार म्हणून धडपडलेल्या कुणालाही या दुसऱ्या कल्पनेची किंमत कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लावली. किराणा दुकानात पीठ, साखर आपोआप वजन करून देणारे यंत्र सुचवा. जगभरच्या स्पर्धकांत भिसे पहिले आले. मुंबईची प्रतिष्ठित मंडळी जागी झाली, काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले आणि भिसे लंडनला पोचले. दादाभाई म्हटले की आपल्याला पार्लमेंट आणि 'ड्रेन थिअरी' आठवते, पण ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते आणि नंतर लंडनला व्यापारात उतरले होते, हे आपण विसरतो. त्यांनी भिशांशी रीतसर करार केला, पैसे घातले. या पाठबळावर भिशांनी स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोन, आपोआप फ्लश होणारा संडास अशी एकामागून एक यंत्रे काढली. त्यांच्या नावावर दोनशेच्या घरात शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे सांगतात.

पण त्यांचे मोठे काम म्हणजे 'भिसोटाइप', आजोबांचे मशिन. अडचण समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अडचण अस्सल कारखान्यातली आहे. खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्र धातू. त्याचा रस साच्यात जातो, साच्याच्या टोकाला अक्षराची मातृका असते, रस गोठला की खिळा बाहेर. आता वेग वाढवायचा म्हटला की साचाच तापत जातो. रस वेळेवर गोठत नाही, आत हवा अडकते, खिळा पोकळ निघतो आणि छपाईच्या दाबाखाली दबतो. सावकाश पाडले तर फाउंड्रीला परवडत नाही. त्या वेळची यंत्रे मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे पाडत. भिशांच्या यंत्राने हा आकडा बाराशेवर नेला. आठपट! आमच्या कारखान्यात उत्पादन आठ टक्क्यांनी वाढले तर मॅनेजर केक कापतो.

मग माशी कुठे शिंकली? भांडवलात. यंत्र कागदावरून लोखंडात उतरवायला, ते मोठ्या संख्येने बनवून छापखान्यांच्या गळी उतरवायला जो पैसा लागतो, तो दादाभाईंच्या खिशात नव्हता. हेन्री हाइंडमन हे इंग्लंडमधले समाजवादी पुढारी, दादाभाईंचे स्नेही. ते भांडवल उभे करून देण्याच्या खटपटीला लागले. (समाजवाद्याने भांडवल उभारायचे, हा विनोद त्यांच्या लक्षात आला असेलच!) ते जमले नाही. दादाभाई १९०७ साली मायदेशी परतले आणि १९०८च्या अखेरीस भिसेही गाशा गुंडाळून मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच बोटीत त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, २०२४ साली गेलेले आपल्या ओळखीचे रतन टाटा नव्हेत. १९१० साली टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले, भिसे पुन्हा लंडनला गेले, पुन्हा वर्कशॉप, पुन्हा चाचण्या. आणि तोंडावर पहिले महायुद्ध. युद्धाच्या धामधुमीत सिंडिकेट मोडले. मग भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये टाइप कास्टरची कंपनी काढली, आयोडीनपासून एक औषध तयार केले. ते पुढे 'अ‍ॅटोमिडीन' नावाने विकले गेले, आणि त्यानेच त्यांना थोडेफार पैसे दिले असावेत. अमेरिकन लोक त्यांना 'हिंदुस्थानचा एडिसन' म्हणत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कलाच त्यांचे निधन झाले.

माझ्या मते इथे नशिबाइतकाच निवडीचाही भाग होता. भिसे ज्या धंद्यात उतरले, त्यात दोन राक्षस आधीच बसले होते. मर्गेनथालरचे लायनोटाइप १८८६ पासून वर्तमानपत्रांत ओळीच्या ओळी ओतत होते, लॅन्स्टनचे मोनोटाइप मागोमाग आले होते. मोठे छापखाने सुटे खिळे जुळवण्याचे कामच सोडू लागले होते. आणि तेच सुटे खिळे भिशांनी आठपट वेगाने पाडून दाखवले! पेटंट मिळाले म्हणून गिऱ्हाईक मिळते असे नाही.

याउलट लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, म्हणजे भिशांहून दोन वर्षांनी लहान. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले. कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर काही त्यांचा मूळ शोध नव्हे, विलायती नांगर डोळ्यांसमोर होताच. पण आमच्याकडचा शेतकरी म्हणे, लोखंडाने जमिनीत विष कालवते! पहिले नांगर कित्येक महिने पडून राहिले. लक्ष्मणराव मात्र त्याच शेतकऱ्याच्या बांधावर जात राहिले, फाळ सुधारत राहिले. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लंडनचे गिऱ्हाईक भिशांना कधी असे हाताशी मिळाले नाही.

आता थोडे आपल्या घरचे. मी शारजात पाइप फॅब्रिकेशनच्या धंद्यात चोवीस वर्षे आहे. आमच्याकडे रत्नागिरीचा एक फिटर होता, सगळे त्याला मामा म्हणत. पाइपच्या टोकाला उतार देण्याचे काम, ज्याला आम्ही बेव्हलिंग म्हणतो, तेव्हा हातातल्या ग्राइंडरने उन्हात चाले. बारा इंची पाइपभोवती माणूस वाकून फिरायचा, ग्राइंडर हातात थरथरायचा, उतार वाकडा यायचा आणि वेल्डर शिव्या घालायचा. मामाने भंगारातल्या ट्रॉलीची बेअरिंगे काढून एक चौकट केली. पाइप तिच्यावर फिरायचा, ग्राइंडर एका जागी पकडलेला. माणूस सावलीत स्टुलावर बसून काम करू लागला. कंपनीने मामाला प्रशस्तिपत्रक दिले, जेवण दिले आणि तशाच दहा चौकटी बनवून घेतल्या.

तो पेटंटाजोगा शोध होता का? खरे सांगायचे तर नसावा. असली यंत्रे बाजारात आधीपासून आहेत, फक्त आमच्या यार्डात नव्हती. पण तपासून पाहावे हे आम्हां शिकलेल्या इंजिनिअरांपैकी कुणालाही सुचले नाही, आणि याची मला अजून लाज वाटते. अमिरातीत पेटंटचा कायदा १९९२ सालापासून आहे, २०२१ साली तो नव्याने आला. नोकरीत असताना लावलेला शोध कुणाचा, याचाही त्यात विचार केलेला आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: यंत्र आधी चारचौघांत दाखवले की त्याचे नवेपण जाऊ शकते. पेटंटचा अर्ज आधी, पार्टी नंतर. आम्ही उलटे केले. मामा २०११ साली गावी परतला. शेवटच्या दिवशी त्याने मला त्या चौकटीचे एक बेअरिंग आठवण म्हणून दिले.

चिरंजीवांच्या पोस्टरवर पाचव्या जागी भिसेच आले. 'टाइप कास्टिंग' म्हणजे काय हे वर्गात कुणालाच कळेना, तेव्हा तो आजोबांचा खिळा घेऊन गेला. माझ्याकडे एकच उरला आहे, 'श' चा. स्टॅम्प पॅडवर दाबून त्याने वर्गातल्या सव्वीस मुलांच्या मनगटावर 'श' उमटवला. त्यात मल्याळी होते, पाकिस्तानी होते, दोन इजिप्शियन होते. घरी आला तो शाईने बरबटलेला आणि खिळ्याचा एक कोपरा दबलेला. शिसे मऊच असते.