पदवीनंतरचीं वर्षें

विद्वत्तेच्या इतिहासांत ग्रंथांची नोंद होते, सिद्धान्तांची होते, अध्यापकपदांची तर सालवार होते. परंतु डॉक्टरची पदवी मिळाल्यापासून कायमचें स्थान लाभेपर्यंत विद्वानाला जीं वर्षें काढावीं लागतात, त्यांची दखल क्वचितच कोणी घेतो. त्या काळांत तो विद्यार्थी राहिलेला नसतो आणि प्राध्यापकही झालेला नसतो. मानसशास्त्राचा इतिहास या दृष्टीनें चाळला असतां, त्या शास्त्राच्या पायाचे कांहीं दगड ह्याच वर्षांत बसविले गेले असें आम्हांला दिसतें. मग प्रश्न उरतो तो असा कीं, त्या वर्षांचा भार वाहिला कोणी?

हर्मान एबिंगहाउस याला १८७३ सालीं बॉन येथें डॉक्टरची पदवी मिळाली. पुढें इंग्लंड व फ्रान्स येथें शिकवण्या करून त्यानें दिवस काढले. जवळ प्रयोगशाळा नव्हती. प्रयोगाचा विषयही तो स्वतःच होता. सुमारें २,३०० निरर्थक अक्षरसमूह रचून ते पाठ करावे, विसरूं द्यावे, आणि पुन्हा पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावें, असा त्याचा क्रम. ही बचत वीस मिनिटांनंतर शेंकडा ५८, एका तासानें ४४, एका दिवसानें ३४ व एका महिन्यानें २१ भरली. विस्मरणाचा वेग प्रथम असा मोजला गेला. १८८० सालीं तो बर्लिन विद्यापीठांत ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ झाला. म्हणजे व्याख्यानें देण्याचा अधिकार मिळाला, वेतन मात्र नाहीं. प्राप्ति श्रोत्यांच्या फीपुरतीच. स्मृतीवरील त्याचा ग्रंथ १८८५ सालचा. पूर्ण प्राध्यापकपद मात्र ब्रेस्लाव येथें १८९४ सालीं, पदवीनंतर एकवीस वर्षांनीं! ही रीति पैसेवाल्यांनाच सोईची आहे, असें मॅक्स वेबर यानें १९१७ सालीं म्युनिकच्या व्याख्यानांत स्पष्ट सांगितलें, तें उगीच नव्हे.

अमेरिकेनें निराळी वाट काढली. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९१९ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या द्रव्यबळावर पदवीधर संशोधकांसाठीं वेतनवृत्त्या सुरू केल्या. आरंभीं त्या पदार्थविज्ञान व रसायन यांपुरत्या होत्या, पुढें मानसशास्त्रालाही लाभल्या. बी. एफ्. स्किनर याला १९३१ सालीं हार्वर्डची पदवी मिळतांच अशी वृत्ति मिळाली, आणि १९३३ ते १९३६ तो हार्वर्डच्या नवीनच स्थापन झालेल्या फेलोमंडळांत होता. पांच वर्षें शिकविण्याचा बोजा नाहीं, पोटाची चिंता नाहीं. सोबतीला पेटींतला उंदीर आणि तरफ दाबल्याची नोंद ठेवणारें यंत्र. १९३८ सालचा ‘दि बिहेविअर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हा ग्रंथ मुख्यतः या निश्चिंतीचें फळ होय.

परंतु हें भाग्य सर्वांच्या वांट्याला आलें नाहीं. एलिनॉर गिब्सन हिनें १९३८ सालीं येल येथें डॉक्टरची पदवी घेतली. १९४९ सालीं तिचे पति कॉर्नेल विद्यापीठांत प्राध्यापक झाले. पतिपत्नींना एकाच विद्यापीठांत अध्यापकपद न देण्याच्या नियमामुळें ती तेथें सुमारें सोळा वर्षें विद्यापीठाच्या वेतनाविना संशोधन-सहयोगी राहिली. याच काळांत रिचर्ड वॉक याच्यासह तिनें ‘दृश्य कड्या’चा प्रसिद्ध प्रयोग केला: जाड कांचेखालीं खोल दिसणाऱ्या जागेवर रांगतीं मुलें बहुधा जात नाहींत, असें त्यांनीं १९६० सालीं दाखविलें. १९९२ सालीं तिला अमेरिकेचें राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालें. पतीच्या वेतनावर तिचें घर चाललें नसतें, तर हा प्रयोग आपल्या हातीं आला असता काय?

या तीन चरित्रांत बुद्धीचें अंतर आम्ही मोजीत नाहीं. अंतर आहे तें वाट पाहण्याच्या सामर्थ्याचें: एकानें शिकवण्यांवर निभावलें, दुसऱ्याला वृत्तीनें तारलें, तिसरीला संसारानें सांभाळलें. आजही पाश्चात्त्य देशांत मानसशास्त्राचा तरुण डॉक्टर दोन-तीन वर्षांच्या करारावर एका प्रयोगशाळेंतून दुसरींत जातो. कायमचीं स्थानें उमेदवारांच्या मानानें थोडीं, म्हणून पुष्कळजण इस्पितळांकडे वा उद्योगधंद्यांकडे वळतात. त्यांना कोणी अपयशी समजूं नये. ज्ञानाला मुकावें लागतें तें त्यांच्यामुळें, जे बुद्धि असूनही घरच्या ओढगस्तीपायीं वाट पाहूं शकले नाहींत आणि ज्यांचीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नाहींत. आपल्या घरांतून ‘एवढें शिकून नोकरी केव्हां?’ हा प्रश्न निघतो, तो वावगा नाहीं; मात्र तो एकट्या मुलाला किंवा मुलीला न विचारतां, ज्यांच्या हातीं विद्यापीठांचीं सूत्रें आहेत त्यांनाही विचारला पाहिजे.