एक नायक, अनेक लेखक : मालिकाधिष्ठित विज्ञानकथा-संकलने आणि मराठी कथाविश्व

१

दूरचित्रवाणीवर दीर्घकाळ चाललेल्या विज्ञानमालिकेच्या आधारे निघणारी लघुकथा-संकलने समीक्षेने सहसा वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरच ठेवली आहेत. त्यांतील नायक उसना, विश्व दुसऱ्याच्या मालकीचे आणि प्रेरणा बाजाराची, असे आक्षेप त्यामागे असतात. हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु ज्या वाङ्मयप्रकारात लेखक पात्राचा निर्माता नसतो, वाचकाला नायक आधीच ठाऊक असतो आणि एकाच नायकावर पंधरावीस लेखक एकाच पुस्तकात लिहितात, तो प्रकार कर्तृत्व, संहिता आणि कथेचे एकात्मत्व या संकल्पनांची परीक्षाच पाहतो. मराठीत विज्ञानकथेला सुमारे शतकाची परंपरा असूनही असे संकलन रुजले नाही. या अभावाचा विचार केल्यास मराठी विज्ञानकथेच्या घडणीविषयी काही हाती लागण्याजोगे आहे.

२

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झालेली ही मालिका १९८९मध्ये थांबली. मधल्या काळात तिच्याभोवती छापील वाङ्मय जमत गेले. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून मुलांसाठी वार्षिके निघत होती आणि १९७३पासून ‘टार्गेट’च्या स्वस्त पुस्तकांतून मालिकेतील कथानकांची कादंबरीरूपे नियमित येऊ लागली. हे सारे लेखन पडद्याला पूरक होते. घरोघरी चित्रमुद्रण करून ठेवण्याची सोय नसलेल्या काळात पाहिलेले पुन्हा अनुभवण्याचे ते साधन होते.

प्रौढ वाचकांसाठीचे स्वतंत्र कथासंकलन मात्र मालिका पडद्यावरून गेल्यानंतरच आले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९९१पासून ‘व्हर्जिन’ या प्रकाशनसंस्थेने या नायकाच्या नव्या कादंबऱ्या काढण्यास प्रारंभ केला आणि १९९४मध्ये ‘डेकॅलॉग’ हे दहा कथांचे संकलन प्रसिद्ध केले. दोन खंड त्यामागोमाग आले. पुढे बीबीसीने पुस्तकांचे हक्क स्वतःकडे घेतले. तेव्हा ‘डेकॅलॉग’चे १९९७मधील शेवटचे दोन खंड मूळ नायकाशिवाय निघाले आणि ती माला संपली. १९९८पासून बीबीसीने ‘शॉर्ट ट्रिप्स’ या नावाने तीन खंड काढले. तेच नाव घेऊन ‘बिग फिनिश’ या संस्थेने २००२ ते २००९ या काळात पंचवीसहून अधिक खंड प्रसिद्ध केले. मालिका पडद्यावर परतली ती २००५मध्ये. म्हणजे या संकलनांचा पाया घातला गेला तो नायक पडद्यावर नसतानाच्या काळात.

या क्रमातून एक निष्कर्ष काढता येतो. संकलन हे नेहमी लोकप्रियतेचे उपउत्पादन असतेच असे नाही. कधी ते अभावाची भरपाई असते. पडद्यावरील प्रवाह आटला, तेव्हा त्या विश्वात वाढलेले प्रेक्षक लेखक झाले. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’चा अनुभव याला दुजोरा देतो. ती मालिका १९६९मध्ये बंद पडली आणि १९७६मध्ये चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचे ‘द न्यू व्हॉयेजेस’ हे संकलन बाजारात आले. पुढे १९९८पासून ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही संकलनमाला तर स्पर्धेतून निवडलेल्या हौशी लेखकांच्या कथांवरच उभी राहिली.

३

घाटाच्या दृष्टीने या संकलनांपुढे एक मूलभूत अडचण असते. नायक मरणार नाही हे वाचकाला माहीत असते, आणि मालिकेच्या विश्वाला कायमचा धक्का लावण्याची मुभा लेखकाला नसते. अर्थातच ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा दुबळी होते. चांगल्या लेखकांनी या मर्यादेतूनच वाट काढली. कथेचा भार त्यांनी नायकावरून काढून एखाद्या गौण पात्रावर, नायक येऊन गेल्यानंतर मागे राहिलेल्या माणसांवर किंवा एखाद्या स्थळावर टाकला. नायक कथेत क्षणभर येतो आणि बदल घडतो तो इतरांच्या आयुष्यात.

दुसरी अडचण एकसंधतेची. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या कथा एकत्र बांधायच्या कशा? ‘डेकॅलॉग’च्या पहिल्या खंडात स्मृती हरवलेल्या नायकाच्या खिशातील वस्तूंमधून एकेक कथा उलगडत जाते. तिसऱ्या खंडात एका कथेतील कृतीचा परिणाम पुढच्या कथेला जन्म देतो. ‘शॉर्ट ट्रिप्स’च्या खंडांनी राशिचक्र, सप्तपापे, सूर्यमाला, नाताळ अशी आशयसूत्रे घेतली. भारतीय वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्यांनी एकाच राजाच्या बत्तीस कथा सांगाव्यात किंवा वेताळाने खांद्यावरून पंचवीस कोडी घालावीत, ही चौकट आपल्याकडे शतकानुशतके परिचित आहे. विक्रमही कथेच्या आधीच पूर्ण झालेला नायक आहे आणि त्याच्यावर कोणा एका लेखकाचा हक्क नाही. फरक एवढाच की, विक्रमाच्या कथा रचणाऱ्याला कोणाचा परवाना लागला नाही.

४

मराठीत विज्ञानकथेचा उगम नियतकालिकांत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद ‘केरळकोकिळ’मधून आला आणि दुसऱ्या दशकात श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा लिहिली गेली. तथापि या प्रकाराला निश्चित वळण मिळाले ते १९६६मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेमुळे. १९७४च्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव अर्थपूर्ण आहे. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञाला आपल्या कीर्तीचा आधार न घेता कथा कथा म्हणून तपासून हवी होती. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली आणि विज्ञानकथा वाङ्मयीन चर्चेत आली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण साधू यांनी तिचा विस्तार केला. २०२१मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तो या प्रवासाचा एक टप्पा मानता येईल.

या घडणीत दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली, मराठी विज्ञानकथेचे प्रयोजन विज्ञानप्रसाराशी बांधलेले राहिले. प्रत्येक कथेत एक वैज्ञानिक कल्पना असावी आणि तिच्यापासून निघणारा मानवी पेच असावा, ही अपेक्षा रूढ झाली. कल्पना बदलली की पात्रेही बदलली. पुन:पुन्हा येणाऱ्या नायकाची गरजच उरली नाही. दुसरी, कथेची विश्वासार्हता लेखकाच्या नावावर तोलली गेली. म्हणून मराठीत एकट्या लेखकाचे ‘यक्षांची देणगी’सारखे संग्रह आणि अनेक लेखकांची प्रातिनिधिक संकलने झाली. बाळ फोंडके यांनी १९९३मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी संपादित केलेल्या इंग्रजी संकलनात मराठी कथा इतर भारतीय भाषांतील कथांशेजारी बसल्या. पण एका विश्वात अनेकांनी लिहावे, असे घडले नाही.

दूरचित्रवाणीने हे विश्व पुरवायचे, तर तिच्यापाशी तेवढा अवधी नव्हता. ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’ या १९८९च्या सुमाराच्या आणि ‘कॅप्टन व्योम’ ही १९९८ची मालिका हिंदी होत्या आणि अल्पायुषी ठरल्या. मराठीत दीर्घकाळ चालल्या त्या कौटुंबिक मालिका. एका पिढीने पाहिलेले विश्व दुसऱ्या पिढीने लिहावे, यासाठी लागणारा काळच विज्ञानमालिकेला मिळाला नाही. स्पर्धेचे साधन मात्र दोन्हीकडे तेच होते. अमेरिकेतील स्पर्धकाने ठाऊक असलेल्या विश्वात नवी कथा शोधली. मराठी स्पर्धकाने प्रत्येक वेळी नवे विश्व उभारले. पहिल्याला बंधन अधिक होते, तर दुसऱ्याला सोबत कमी होती.

५

मराठी मनाला सामाईक नायक परका आहे, असा अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. याचा पुरावा मुंबई-पुण्याच्या प्रकाशनव्यवहारापासून दूर, वैनगंगेच्या काठी मिळतो. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या झाडीपट्टीच्या परिसरात दिवाळीनंतर मंडईचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. तेथील दंडारीत कथानक ठाऊक असते, पात्रे ठाऊक असतात. त्या रात्रीचा प्रयोग तेवढा नवा असतो. पात्र कोणी निर्माण केले, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. ते कोणी कसे उभे केले, याचीच चर्चा होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीकडे आणि दंडारीकडे लक्ष वेधले, तेव्हा मराठी नाट्यविचारात मूळ संहितेला दिलेले एकमेव स्थान प्रश्नांकित झाले. मालिकाधिष्ठित संकलनांचा विचार नेमका याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

साम्य दाखवताना भेदही सांगितला पाहिजे. दंडारीतील पात्र गावाचे असते; मालिकेतील पात्र संस्थेचे असते. दंडार खेळणाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही. ‘डेकॅलॉग’च्या लेखकांना मात्र हक्क हातचे जाताच नायक सोडावा लागला, आणि २००९मध्ये कथांचा परवाना संपताच ‘बिग फिनिश’ची छापील मालाही थांबली. वाचकांनी आपले मानलेले विश्व कायद्याने त्यांचे नव्हते. या वाङ्मयाची खरी शोकांतिका त्याच्या ‘उसनेपणा’त नसून या मालकीत आहे.

६

तेव्हा या संकलनांचे मूल्यमापन स्वतंत्र निर्मितीच्या निकषावर करणे अपुरे ठरते. ठाऊक असलेल्या नायकाच्या साह्याने लेखकाने ठाऊक नसलेले काय दाखवले, हा निकष अधिक न्याय्य आहे. आख्यानकवी, कीर्तनकार आणि दंडारीतील नट यांना आपली परंपरा हाच निकष लावत आली आहे. त्या निकषावर बहुसंख्य मालिकाधिष्ठित कथा सामान्य ठरतील, मोजक्या टिकतील. पण हे कोणत्याही वाङ्मयप्रकाराविषयी खरे आहे.

मराठी विज्ञानकथेपुढचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिने लेखकाचे स्वातंत्र्य जपले आणि त्याची किंमतही मोजली : तिच्यापाशी उत्तम कथा आहेत, पण वाचकांनी आपापसांत वाटून घ्यावे असे एकही विश्व नाही. सामाईक पात्रांची सवय असलेला समाज आणि विज्ञानाची दृष्टी असलेली कथा या दोन्ही गोष्टी मराठीत वेगवेगळ्या ठिकाणी नांदत राहिल्या. त्यांची गाठ पडली नाही याचे कारण मराठीच्या स्वभावात नसून तिच्या वाङ्मयीन संस्थांच्या इतिहासात आहे, आणि इतिहासातील कारणे बदलता येतात.