पुल-अप चाचणी, महिला मरीन सैनिकांची

अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये महिला सैनिकांचे खांदे, दंड, पाठ आणि पंजाची पकड यांतील बळ जोखणारी चाचणी. वार्षिक शारीरिक क्षमता चाचणीत पोटाचा व्यायाम आणि तीन मैलांची धाव यांच्या जोडीने ती घेतली जाते.

अनेक दशके पुरुष पुल-अप्स काढत आणि महिला बारला लटकून राहत. हनुवटी बारच्या वर, कोपरे दुमडलेली. हात पूर्ण सरळ झाले की घड्याळ बंद. किमान १५ सेकंद टिकावे लागे, ७० सेकंदांना पूर्ण गुण मिळत. या लटकण्यातून एका जागी तग धरण्याची क्षमता कळे. पण भिंत ओलांडायची तर शरीर वर ओढून घ्यावे लागते आणि त्या ओढीचा अंदाज यातून येत नसे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कमांडंट जेम्स एमॉस यांनी महिलांसाठीही पुल-अप्स लागू करण्याचे जाहीर केले : किमान तीन, पूर्ण गुणांसाठी आठ. २०१३ हे संक्रमणाचे वर्ष होते. त्याच जानेवारीत संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी लढाऊ तुकड्यांतील महिलांवरची बंदी उठवली, त्यामुळे चाचणीला एकाएकी मोठे महत्त्व आले. वर्षअखेरीस पाहणी झाली, तेव्हा बूट कॅम्प (प्राथमिक प्रशिक्षण) संपवणाऱ्या ५५ टक्के महिलांना तीन पुल-अप्स जमत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे एक टक्का होते. सक्ती पुढे ढकलण्यात आली. या आकड्यावरून ‘बायकांना हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला, तो उतावीळ होता. ज्या व्यवस्थेने इतकी वर्षे महिलांकडून फक्त लटकणे मागितले, तिथे तेरा आठवड्यांच्या प्रशिक्षणात ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षाच चुकीची होती.

मात्र शरीररचनेतला फरक खरा आहे. सरासरी स्त्रीचे कमरेवरचे बळ पुरुषाच्या निम्म्याहून थोडे अधिक, तर पायांचे सुमारे दोनतृतीयांश असते. टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांचे स्नायुतंतू जाड होतात आणि खांदे-छातीकडे स्नायूंचा वाटाही जास्त असतो. स्त्रीचे स्नायू सरावाने बळकट होतातच. बारवरून अगदी सावकाश खाली येणे किंवा रबरी पट्ट्याचा आधार घेऊन वर जाणे, अशा सरावाने पहिला पुल-अप साधतो.

पुल-अपची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्यात स्वतःचेच वजन उचलायचे असते, म्हणून सडपातळ सैनिकाला तो सोपा जातो. तोफेचा १५५ मिमी गोळा मात्र चाळीस किलोहून जड असतो आणि उचलणाऱ्याचे वजन कितीही असले तरी तो तेवढाच भरतो. अंगाने भरलेली, दणकट स्त्री बारवर मागे पडेल आणि गोळा सहज उचलेल. २०१५ मध्ये मरीन कोअरने मिश्र तुकड्यांच्या प्रयोगाचा अहवाल दिला. त्यात भिंतीच्या अडथळ्याशी पुरुष पाठीवरच्या पिशव्या वर फेकत, महिलांना त्यासाठी वारंवार मदत लागे, अशी नोंद आहे. अशा नोंदीतून जे कळते ते बारवरच्या आकड्यातून कळत नाही. मरीन कोअरच्याच युद्धक्षमता चाचणीत स्त्री-पुरुष दोघेही ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंचा दारूगोळ्याचा डबा डोक्यावर उचलतात. कामाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

२०१७ पासून लटकण्याची चाचणी रद्द झाली. स्त्री-पुरुष दोघांनाही पुल-अप्स किंवा जोर यांतून निवड करता येऊ लागली, पण जोरांना जास्तीत जास्त ७० गुण ठेवले. पूर्ण शंभर हवे असतील तर बार धरावाच लागतो.

बळ नेमके कशाने जोखायचे, हा पेच इतर सैन्यांतही पडला. अमेरिकी भूदलाने बारला लटकून गुडघे कोपरांपर्यंत नेण्याचा प्रकार २०२२ मध्ये वगळला आणि त्याजागी प्लँक आणला. ब्रिटिश भूदलाने जमिनीवरील प्रत्यक्ष लढाईच्या भूमिकांसाठी २०१९ मध्ये नवी चाचणी लागू केली. तिच्यात ओझे उचलणे, वाहून नेणे यांचा समावेश असून स्त्री-पुरुष आणि सर्व वयोगटांना एकच निकष आहे.