खरेदीवरील परतावा : हक्क आणि सवलत
मालवण किनाऱ्यावरील वाण्याची उधारी मुंबईची मनीऑर्डर आली की चुकती होई. ग्राहकाची निष्ठा तेथे ऋणातून उपजे. मनीऑर्डरी धाडणाऱ्या चाकरमान्यांच्या गिरणगावातच, नायगाव येथे, १९४८ साली कामगारांचे सहकारी ग्राहक भांडार निघाले. पुढे ते ‘अपना बाजार’ म्हणून प्रसिद्धीस आले. अशा भांडारांचा मूळ दंडक इंग्लंडातील रॉचडेलचा, १८४४ चा : विक्री बाजारभावाने करावी आणि वाढावा सभासदांस खरेदीच्या प्रमाणात परत द्यावा. दुकान सभासदांचेच असल्याने हा परतावा त्यांचा हक्क होता. आजचे लॉयल्टी कार्ड, ज्यास निष्ठापत्र म्हणणे जरा भारदस्तच ठरेल, खरेदीगणिक गुण जमा करून किंमत उतरविते खरे. परंतु गुणांचे मोल व मुदत दुकानदार ठरवितो, आणि ग्राहकाने काय, केव्हा, किती घेतले याची नोंदही त्याच्याच दप्तरी राहते.