'मिस इंडिया' कुणाची?

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धांचा इतिहास बहुधा मुकुटांची यादी म्हणून सांगितला जातो: अमुक साल, अमुक विजेती. त्या यादीतली सुरुवातीची नावे आली कुठून, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका तरुणीच्या नावामागे देशाचे नाव लावायचे म्हटले, की देशात कोण मोडते आणि कोण नाही, हेही ठरवावे लागते.

सुरुवात मात्र धंद्यातून झाली. अटलांटिक सिटी हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे हवा खायला जाण्याचे गाव. सप्टेंबरच्या आरंभी कामगार दिनाची सुट्टी संपली, की तिथले गिऱ्हाईक पांगायचे. ते आणखी काही दिवस टिकावे म्हणून गावच्या व्यावसायिकांनी १९२१ मध्ये सौंदर्यस्पर्धा भरवली. वॉशिंग्टनहून आलेली १६ वर्षांची मार्गारेट गॉर्मन जिंकली आणि पुढे पहिली 'मिस अमेरिका' म्हणून ओळखली गेली. पण 'अमेरिका' हा शब्द आल्यावर कुंपणही आले. स्पर्धक गौरवर्णीयच असावी, असा नियमच पुढे लिहिला गेला. १९४५ मध्ये बेस मायरसन ही पहिली ज्यू विजेती झाली. ज्यू वाटणार नाही असे नाव घे, हा सल्ला तिने धुडकावला होता. जिंकल्यावर जाहिरातदारांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कृष्णवर्णीय तरुणीला या स्पर्धेच्या मंचावर यायला १९७० साल उजाडावे लागले.

तुर्कस्तानात चित्र वेगळे होते. 'जुम्हुरियेत' या वृत्तपत्राने १९२९ मध्ये तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. १९३२ मध्ये केरिमान हालिस बेल्जियममधली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, तेव्हा नव्या प्रजासत्ताकाला तो स्वतःचाच विजय वाटला. आडनावे सक्तीची झाल्यावर अतातुर्क यांनी त्यांना 'एजे' हे आडनाव दिले. त्याचा अर्थ राणी.

आपल्याकडे अमेरिकेसारखा लेखी नियम नव्हता आणि तुर्कस्तानासारखी सरकारची पाठराखणही नव्हती. १९४७ मध्ये पहिली 'मिस इंडिया' ठरल्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, म्हणजे चित्रपटांतल्या प्रमिला. कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातल्या, शिया मुस्लिम अभिनेते कुमार यांच्या पत्नी, वय तिशीचे, पदरी मुले. म्हणजे अमेरिकेत ज्यू विजेतीला जाहिराती मिळेनात, त्यानंतर दोनच वर्षांनी इथे एका ज्यू स्त्रीच्या नावापुढे देशाचे नाव लागले.

याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण कारण शोधायला गेलो, तर ते उदारतेइतकेच संकोचातही सापडते. दादासाहेब फाळके यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. 'घरंदाज' म्हणवणाऱ्या कुटुंबांनी लेकीसुनांना कॅमेऱ्यासमोर येऊ दिले नाही, म्हणून ती जागा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी घेतली. रूबी मायर्स 'सुलोचना' झाल्या, एस्थर 'प्रमिला' झाल्या. सौंदर्यस्पर्धांतही हेच घडले असे मला वाटते. इथे दाराला बाहेरून कुलूप नव्हते, आतून कडी होती. १९५२ मध्ये 'मिस मसुरी' ठरलेल्या नूतन मराठी घरातल्या होत्या खऱ्या. पण त्यांच्या आई शोभना समर्थ यांनी ती कडी आधीच काढलेली होती.

त्याच वर्षी 'मिस इंडिया' इंद्राणी रहमान कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला पहिल्या 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत उतरल्या. वडील भारतीय, आई रागिनी देवी मूळच्या अमेरिकन, पती वास्तुविशारद हबीब रहमान. त्याही तेव्हा आई झालेल्या होत्या. पोहण्याच्या पोशाखातही त्यांनी कपाळावरची टिकली आणि केसांतली फुले ठेवली. मुकुट फिनलंडला गेला. इंद्राणी नृत्यातच रमल्या, ओडिसी त्यांनी देशोदेशी नेले आणि १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मासिके या क्षेत्रात आली. 'फेमिना'ने १९६४ मध्ये पहिला मुकुट मेहेर मिस्त्री यांना दिला, पुढच्या वर्षी पर्सिस खंबाटा यांना, दोघीही पारशी. 'ईव्ह्ज वीकली'ची १९६६ ची विजेती रीटा फारिया गोमंतकीय ख्रिस्ती घरातली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. उसनी साडी घेऊन ती लंडनला गेली आणि 'मिस वर्ल्ड' होऊन परतली. त्याच वर्षअखेर ती बॉब होप यांच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांसमोर गेली, तेव्हा दिल्लीत नाराजी उमटली. जाताना साडी उसनी घ्यावी लागली होती. जिंकल्यावर मात्र तिने कुठे जावे यात देशाचा मान अडकला.

प्रमिलांना याहून कठोर अनुभव आला. पाकिस्तानच्या खेपांमुळे त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. त्या खेपा चित्रपटांच्या कामासाठी होत्या, हे नंतर स्पष्ट झाले. १९६३ मध्ये पती पाकिस्तानात गेले. त्या इथेच राहिल्या. १९६७ मध्ये त्यांची मुलगी नकी जहाँ हिनेही 'मिस इंडिया'चा किताब मिळवला. प्रमिला २००६ मध्ये निवर्तल्या.

स्त्रीचे देह असे मापायचे का, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मलाही मान्य आहे. तरी ही जुनी नावे मला पुसून टाकाविशी वाटत नाहीत. देशाचे नाव लावून लोकांसमोर उभे राहायला बहुसंख्य घरे तयार नव्हती, तेव्हा या बायका उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्याच एकीला पुढे आपण देशाशी एकनिष्ठ आहोत, हे सिद्ध करावे लागले. मुकुटांच्या यादीत तेवढी एक ओळ तरी असायला हवी.