कव, खुंट आणि नारळी पौर्णिमा

वसईपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्याचा इतिहास लिहितांना बहुधा तह आणि लढाया यांचेंच वर्णन होतें. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती घेतली. पुढें इंग्रजांचा अंमल आला. या सर्व काळांत जे लोक प्रतिदिनीं दर्यावर जात होते, त्यांचा उल्लेख क्वचितच सांपडतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज हेच कोळी असल्यामुळें, त्यांनीं दर्या कसा राखिला याविषयीं महोत्सवाच्या या पुस्तिकेंत थोडें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या कोळ्यांचें मुख्य जाळें म्हणजे डोल. मोठ्या तोंडाचें व शेवटीं निमुळतें होत जाणारें हें पिशवीसारखें जाळें समुद्रतळांत रोवलेल्या खुंटांस बांधून प्रवाहाच्या तोंडीं लावितात. तें माशाच्या पाठीस लागत नाहीं. उधाणाच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, जें कांहीं येईल तें त्यांत शिरतें. आणि भांगाच्या दिवसांत ओढ मंदावली म्हणजे जाळें व माणूस या दोघांसही विसांवा मिळतो. जेथें खुंट उभे करावयाचे त्या जागेस कव म्हणतात. कव ही येणाऱ्याजाणाऱ्या कोणाचीही नसे. अमुक कव अमुक गांवाची, तींतील अमुक खुंट अमुक घराण्याचे, अशी वहिवाट बापाकडून मुलाकडे चालत आली; तंटा झालाच तर तो गांवच्या पंचांपुढें मिटावयाचा. शेतकऱ्यास बांध, तसा कोळ्यास खुंट. आपल्या नातवानेंही याच जागीं जाळें लावावें असें ज्यास वाटतें, तो ती जागा ओरबाडीत नाहीं.

दुसरी वहिवाट पावसाळ्याची. वादळी वारे सुटले कीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारीत. पुढें हिंदु कोळी नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून, आणि ख्रिस्ती कोळी धर्मगुरूंकडून होड्यांस आशीर्वाद घेऊन पुन्हां निघत. धर्म निराळे झाले तरी भरती-ओहोटी चंद्राच्याच तंत्रानें चालते. म्हणून ख्रिस्ती घरांतूनही तिथींचा हिशेब सुटला नाहीं. प्रारंभीं हा विसांवा जिवाच्या भीतीनें घेतला जात असावा, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अनेक जातींचे मासे याच महिन्यांत अंडीं घालीत असल्यामुळें तो माशांच्याही पथ्यावर पडला.

१९५० नंतर होड्यांस यंत्रें बसलीं. सणाच्या व सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉननें घेतली. मागून तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर व थवेच्या थवे वेढून टाकणारीं पर्ससीन जाळीं आलीं. यांस खुंट नाहीं, म्हणून गांवही नाहीं. सरकारनें १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला व २०१६ मध्यें पर्ससीनवर निर्बंध घातले. २०२३ सालीं पापलेट हा राज्याचा मासा ठरला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी निश्चित झाली. हा मान मिळाला तो सातपाटीचें पापलेट कमी कमी होत गेल्यावर! येथें आपल्याच जाळ्याविषयींही स्पष्ट बोललें पाहिजे. डोलीचें शेंपूट जवळ्यासाठीं इतकें बारीक विणलेलें असतें कीं पापलेटाचीं पिलेंही त्यांत अडकतात. खुंट थोडे होते तोंवर हें खपून गेलें. जाळीं वाढलीं, तेव्हां खपेनासें झालें.

डहाणूजवळील वाढवण येथें निराळेंच संकट उभें आहे. जें बंदर तेथील पर्यावरण प्राधिकरणानें १९९८ मध्यें नाकारिलें, त्यास २०२३ मध्यें संमति मिळाली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणीही झाली. भराव पडावयाचा तो उथळ खडकाळ समुद्र म्हणजे मासे व शेवंडें वाढण्याची जागा, असें तेथील मच्छीमार वर्षानुवर्षें सांगत आले आहेत.

विसांव्याविषयीं म्हणावें तर, २०१५ सालापासून केंद्र सरकारनें पश्चिम किनाऱ्यासाठीं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरविले. २०२३ सालीं नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याचा दर्या तत्पूर्वीं महिनाभर खुला झालेला होता. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, ही मागणी लहान होड्यांच्या कोळ्यांनीं वारंवार केली आहे.